सास्क्वॉचचा नकाशा काढायचा तर

'रँडलच्या उत्तरेला साधारण १० मैलांवर, जंगलातल्या रस्त्यालगत.' सास्क्वॉच, म्हणजेच बिगफूट, हा उत्तर अमेरिकेच्या जंगलांत असल्याचं सांगितलं जाणारा, माणसासारखा दोन पायांवर चालणारा केसाळ प्राणी. तो दिसल्याच्या नोंदींमध्ये जागेचं वर्णन बहुतेक वेळा या धाटणीचं असतं. रँडल हे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं, गिफर्ड पिंचो राष्ट्रीय वनाच्या तोंडाशी वसलेलं लहानसं गाव. नकाशा काढणारा हे वाक्य वाचतो, गावावरून उत्तरेकडे सरकतो, अंदाजाने एक ठिपका ठेवतो आणि पुढची नोंद उघडतो. संध्याकाळपर्यंत शंभरेक ठिपके जमतात. त्यांत रांगा आणि पुंजके दिसायला लागतात, आणि दिसले की त्यांची कारणंही सुचू लागतात. या सगळ्या खटाटोपातला सर्वांत नाजूक क्षण मात्र तो पहिला ठिपका ठेवण्याचा असतो, म्हणून आधी त्याचाच हिशेब मांडतो.

१० मैल म्हणजे १६ किलोमीटर. सांगणारा 'साधारण १०' म्हणतो तेव्हा ते ८ असू शकतात, १२ असू शकतात. म्हणजे सव्वातीन किलोमीटर अलीकडे किंवा पलीकडे. 'उत्तरेला' म्हणताना कुणी होकायंत्र बघत नाही. आठ दिशांच्या हिशेबाने धरलं तरी दोन्ही बाजूंना साडेबावीस अंशांची फट राहते, आणि १६ किलोमीटरवर तेवढ्या कोनात ठिपका सहा किलोमीटर बाजूला सरकतो. शिवाय मोजणी पोस्टापासून केली की हायवेच्या फाट्यापासून, त्याचा एखादा किलोमीटर धरा. सगळं मिळून आठ-साडेआठ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ होतं, क्षेत्रफळ २०० चौरस किलोमीटरच्या वर. त्या वर्तुळात नदीचा तळ येतो, डोंगराचा माथा येतो, दाट जुनं जंगल येतं आणि नुकतीच तोड झालेला उघडा उतारही येतो. त्यातून ते १० मैल गाडीच्या काट्यावर मोजलेले असतील, तर वळणावळणाच्या रस्त्याने सरळ रेषेत सहा-सातच भरतात आणि अख्खं वर्तुळ दक्षिणेकडे सरकतं.

म्हणून तक्त्यात अक्षांश आणि रेखांश या दोन रकान्यांशेजारी तिसरा रकाना हवाच. त्रिज्येचा, मीटरमध्ये. जीवशास्त्राच्या संग्रहालयांत जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवरून जागा ठरवताना हीच रीत वापरतात. या एका रकान्यावर मी इतका जोर देतो, कारण तो नसला की पुढचं गणित कितीही देखणं असो, त्याला पायाच उरत नाही.

नोंदींचे दोन मोठे साठे सर्वांना माहीत आहेत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातले पत्रकार जॉन ग्रीन (१९२७–२०१६) यांनी पत्रं, कात्रणं आणि मुलाखतींमधून तीन हजारांहून जास्त नोंदी जमवल्या. आणि १९९५ साली सुरू झालेली बिगफूट फील्ड रिसर्चर्स ऑर्गनायझेशन, सगळे तिला बीएफआरओ म्हणतात, ती लोकांकडून थेट नोंदी घेते. तिच्या अर्जात वर्ष, ऋतू, महिना, राज्य, काउंटी (म्हणजे तिथला जिल्हा), जवळचं गाव, जवळचा रस्ता, वेळ, हवामान, आसपासचं जंगल असे रकाने असतात आणि खाली साक्षीदाराचं सविस्तर कथन. प्रत्येक नोंदीला वर्ग मिळतो. ए म्हणजे स्पष्ट दर्शन, जिथे गफलत होण्याची शक्यता कमी. बी म्हणजे अंधारात, दुरून, किंवा नुसता आवाज. सी म्हणजे ऐकीव. इथे एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. हा वर्ग पाहणाऱ्याला किती नीट दिसलं याचा आहे, जागा किती नीट कळली याचा नाही. ए वर्गाच्या नोंदीत जागा म्हणून फक्त काउंटीचं नाव असू शकतं, आणि बी वर्गाच्या आवाजाच्या नोंदीत तंबूची जागा पन्नास मीटरांपर्यंत अचूक असू शकते. 'ए वर्ग तेवढा घेतला, म्हणजे माहिती पक्की झाली' असं म्हणून भागत नाही. दोन्ही चाळण्या वेगवेगळ्या लावाव्या लागतात.

तक्ता भरताना पहिला रकाना मूळ वाक्याचा ठेवावा, साक्षीदाराने लिहिलं तसंच, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. मग अक्षांश, रेखांश, त्रिज्या, आणि जागा कशावरून ठरवली तेही: जीपीएस, रस्त्याचा मैलाचा दगड, गावापासूनचं अंतर की नुसती काउंटी. घटनेची तारीख वेगळी आणि कळवल्याची वेगळी. काय होतं ते वेगळं: दर्शन, ठसा की आवाज. अंतर किती, उजेड कसा होता, माणसं किती होती. शेवटी एक रकाना जोडनोंदीसाठी, कारण १९७०च्या दशकातली एकच घटना ग्रीन यांच्या कागदांत, स्थानिक वर्तमानपत्रात आणि चाळीस वर्षांनी त्याच साक्षीदाराच्या मुलाने बीएफआरओला कळवलेल्या नोंदीत अशी तीनदा सापडू शकते. तीन ठिपके एकमेकांपासून पाच किलोमीटरवर पडतात आणि नकाशावर पुंजका तयार होतो.

आता चुकांकडे येऊ. सर्वांत सोपी चूक उणे चिन्हाची. अमेरिकेचे रेखांश पश्चिमेचे, म्हणून उणे लिहायचे. चिन्ह गळलं की वॉशिंग्टनमधला ४७ उत्तर, १२१ पश्चिम हा बिंदू चीनच्या इनर मंगोलियात जाऊन बसतो. जागा रिकामी असली की काही सॉफ्टवेअर शून्य, शून्य धरतात आणि ठिपका आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात पडतो. या चुका नकाशा पूर्ण लहान करून पाहिला की लगेच डोळ्यांत भरतात, त्यामुळे त्या फारशा घातक नाहीत.

घातक चूक म्हणजे काउंटीचा मध्य. जागा कळत नाही, काउंटी तेवढी माहीत असते, तेव्हा पत्त्यावरून जागा शोधणारं सॉफ्टवेअर गुपचूप काउंटीच्या मधोमध बिंदू ठेवतं आणि सहा दशांश स्थळांपर्यंत आकडे देतं. कॅलिफोर्नियातली सॅन बर्नार्डिनो काउंटी सुमारे ५२,००० चौरस किलोमीटरची आहे, पुणे जिल्ह्याच्या तिपटीहून मोठी. तिच्या नैऋत्य कोपऱ्यात देवदार-पाइनचे डोंगर आहेत, नोंदी येतात त्या तिथून. तिचा मध्य मात्र मोहावी वाळवंटात येतो. अशा पाच-सात नोंदी एकाच बिंदूवर साचल्या की 'वाळवंटातही हा प्राणी राहतो' असा निष्कर्ष निघतो. त्यावर उपाय सोपा आहे: तक्त्यात अक्षांश-रेखांशाची हुबेहूब तीच जोडी तीनपेक्षा जास्त वेळा आली, की ती सगळी पानं पुन्हा उघडून मूळ वाक्य वाचायचं. दशांश स्थळांना भुलायचं नाही. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे दुसरं दशांश स्थळ एका किलोमीटरचं आणि तिसरं शंभर मीटरांचं. ज्या नोंदीची त्रिज्या आठ किलोमीटर आहे तिला दोनच्या पुढची स्थळं लिहिणं म्हणजे नसलेली अचूकता कागदावर आणणं.

जुन्या नोंदींत, विशेषतः लाकूडतोडीवर काम करणाऱ्या लोकांच्या नोंदींत, टाउनशिप, रेंज आणि सेक्शन अशी जागा सापडते. ही अमेरिकेच्या सरकारी जमीनमोजणीची पद्धत. सहा मैल बाजूचा चौकोन म्हणजे टाउनशिप, त्याचे ३६ सेक्शन, प्रत्येक एक मैल बाजूचा. सेक्शन कळला की त्याच्या मध्यापासून चूक जास्तीत जास्त ०.७ मैल, म्हणजे सव्वा किलोमीटरच्या आतच. अशी नोंद मिळाली की मला फार बरं वाटतं. फक्त मोजणी कुठल्या मूळ रेषेपासून आहे ते पाहावं लागतं. वॉशिंग्टन-ओरेगनची विलामेट मेरिडियन आणि वायव्य कॅलिफोर्नियाची हम्बोल्ट मेरिडियन वेगळ्या. एकीचे आकडे दुसरीवर लावले तर ठिपका शेकडो किलोमीटर पळतो. अक्षांश-रेखांश मोजण्याचा जुन्या कागदी नकाशांचा एनएडी-२७ हा आधार आणि आजच्या जीपीएसचा डब्ल्यूजीएस-८४ यांच्यातला फरक पश्चिम किनाऱ्यावर साधारण शंभर मीटरांचा. ठशाचा साचा नेमका कुठे घेतला हे शोधायचं असेल तर तो महत्त्वाचा, एरवी त्यात वेळ घालवू नये.

घनता काढताना स्क्रीनवरच्या नेहमीच्या वेब मर्केटर नकाशावर मोजमाप करू नये. त्या नकाशात ४७ अंशांवर क्षेत्रफळ दुपटीहून जास्त फुगतं, फ्लोरिडात २८ अंशांवर सव्वापट. तोच पाच सेंटिमीटरचा गोल दोन्हीकडे ठेवला तर तुलना फसते. समक्षेत्र प्रक्षेपण घ्यावं. अमेरिकेच्या सलग राज्यांसाठी आल्बर्सचं, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ईपीएसजी ५०७० या क्रमांकाने मिळतं. घनतेचा पसारा, म्हणजे प्रत्येक ठिपका किती दूरवर पसरवून धरायचा ते अंतर, नोंदींच्या नेहमीच्या त्रिज्येपेक्षा कमी ठेवू नये, आणि १०, २५, ५० किलोमीटर असे तीनही करून पाहावेत. जो पुंजका एकाच पसाऱ्यात दिसतो आणि बाकी दोन्हींत विरघळतो, त्याच्यावर काही उभं करू नये.

एवढं नीट केलं की नकाशा स्वच्छ होतो आणि मग खरा प्रश्न समोर येतो. हा नकाशा नक्की कशाचा आहे?

बीएफआरओच्या साठ्यात हवाई सोडून सगळी राज्यं आहेत. वॉशिंग्टन पहिलं, सहाशेहून जास्त नोंदींचं. त्यामागे कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, ओहायो. २०१३ साली पेन स्टेट विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या जोशुआ स्टीव्हन्स यांनी या साठ्यातल्या ३,३१३ नोंदी, ९२ वर्षांच्या, नकाशावर मांडल्या आणि शेजारी लोकवस्तीची घनताही दाखवली. काही दाट वस्तीचे भाग जवळपास कोरे होते, काही विरळ भाग ठिपक्यांनी भरलेले. तो नकाशा खूप फिरला आणि बऱ्याच जणांनी त्यातून 'वस्तीशी संबंध नाही, म्हणजे प्राणी खरा' असा अर्थ काढला. तो अर्थ त्यातून निघत नाही, कारण भागाकार अजून व्हायचा असतो, आणि कशाने भागायचं हेच अवघड आहे.

माणसांच्या संख्येने भागून पाहू. वॉशिंग्टनमधल्या स्कमेनिया काउंटीची लोकसंख्या २०२० मध्ये १२,०३६ होती. सिएटल जिच्यात येतं त्या किंग काउंटीची २२,६९,६७५. स्कमेनियातून एक नोंद आली की दर लाखाला आठांहून अधिक असा दर होतो. तो गाठायला किंग काउंटीतून १८९ नोंदी याव्या लागतील. म्हणजे दर लाखाचा नकाशा रंगवला की लहान काउंट्या एकेका नोंदीवर गडद लाल होतात किंवा पूर्ण पांढऱ्या राहतात. ही लहान संख्येची अडचण साथीच्या रोगांचे नकाशे काढणाऱ्यांना चांगली ठाऊक आहे. ते लहान भागांचे दर आजूबाजूच्या सरासरीकडे थोडे ओढून घेतात, जितकी वस्ती कमी तितकी ओढ जास्त. तेच इथे करावं. किंवा नोंदींची संख्या पॉइसाँ पद्धतीने, म्हणजे विरळ घटनांच्या मोजणीसाठी संख्याशास्त्रात वापरतात त्या रीतीने, मांडून लोकसंख्येचा लॉगरिदम आधाराला ठेवावा. काउंटीकाउंटीतल्या आकड्यांत फारच चढउतार असतील तर निगेटिव्ह बायनॉमियल ही पद्धत.

पण स्कमेनियात राहणारे लोक हा भाजकच अपुरा आहे. तिथल्या जंगलात फिरायला येणारे पोर्टलंड आणि (वॉशिंग्टन राज्यातल्याच) व्हँकुव्हरकडून येतात. अमेरिकेचं वनखातं दर राष्ट्रीय वनात पाच वर्षांच्या फेऱ्यांनी भेटींची पाहणी करतं, तो आकडा जास्त उपयोगाचा. शिकारीच्या परवान्यांची संख्या घ्यावी, हायवेवरची रोजची सरासरी वाहनं घ्यावीत. शिवाय स्कमेनिया ही साधी काउंटी नाही. १९२४ साली सेंट हेलेन्स पर्वताच्या कुशीत खाणकामगारांच्या खोपटावर मोठ्या प्राण्यांनी रात्रभर दगडफेक केल्याची बातमी गाजली, त्या दरीला पुढे एप कॅन्यन नाव पडलं. १ एप्रिल १९६९ रोजी काउंटीने सास्क्वॉचला मारणं गुन्हा ठरवणारा अध्यादेश काढला, १९८४ मध्ये त्यात दुरुस्ती केली. अशा ठिकाणी येणारा माणूस मनात एक चित्र घेऊनच येतो, आणि काही दिसलं तर कुठे कळवायचं हेही त्याला माहीत असतं. तीच सावली ओहायोच्या मक्याच्या शेतात दिसली तर तो कदाचित घरीच बोलेल आणि विसरून जाईल.

म्हणून मला सर्वांत भरवशाचा भाजक वाटतो तो त्याच जंगलांतून, तशाच माणसांनी, तशाच सवडीने कळवलेल्या इतर प्राण्यांच्या नोंदींचा. काळं अस्वल, प्यूमा, एल्क. त्यांच्याबद्दल वाद नाही, पण पाहणाऱ्याचे डोळे, रस्ते, सुट्ट्या आणि फोनची रेंज सगळं तेच असतं. एखाद्या चौकोनात अस्वलाच्या शंभर नोंदींमागे सास्क्वॉचच्या किती, हे प्रमाण काढलं की रस्त्यांचा आणि पर्यटकांचा बराचसा प्रभाव दोन्हीकडून कापला जातो.

नद्यांचं उदाहरण यासाठी घेण्यासारखं आहे. 'ठिपके नदीकाठाने रांगेत आहेत, म्हणजे हा प्राणी नद्यांच्या वाटेने स्थलांतर करतो' हे विधान सतत ऐकू येतं. कॅस्केड पर्वतात रस्ते काढायला जागा असते ती नदीच्या दरीतच. मग रांग नदीची की रस्त्याची? हे तपासायला फार यंत्रणा लागत नाही. जितक्या नोंदी तितकेच बिंदू रस्त्यांच्या जाळ्यावर यदृच्छेने टाकायचे, जास्त रहदारीच्या रस्त्याला जास्त वजन द्यायचं, प्रत्येक बिंदूला खऱ्या नोंदींसारखीच त्रिज्येची चूक जोडायची. जवळच्या नदीपर्यंतच्या अंतराचा मध्यक काढायचा. हे ९९९ वेळा करायचं. खऱ्या नोंदींचा मध्यक त्या ९९९ आकड्यांच्या मधल्या ९५ टक्क्यांत बसला, तर नदीला वेगळं श्रेय द्यायला जागा नाही. त्रिज्येची चूक जोडण्याची पायरी बरेच लोक विसरतात, आणि ती विसरली की खऱ्या आणि टाकलेल्या बिंदूंची तुलनाच फसते.

बिगफूट हे नाव ज्या जागेमुळे गाजलं तीही रस्त्याचीच. उत्तर कॅलिफोर्नियात ब्लफ क्रीकच्या खोऱ्यात १९५८ साली लाकडासाठी नवा रस्ता काढण्याचं काम चालू होतं. बुलडोझर चालवणारे जेरी क्रू यांनी १६ इंची पावलाचा प्लास्टरचा साचा घेतला आणि ऑक्टोबरमध्ये हम्बोल्ट टाइम्समध्ये तो छापून आला. २००२ मध्ये ठेकेदार रे वॉलेस वारले, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी लाकडी कोरीव पावलं दाखवून ते ठसे त्यांनीच उमटवल्याचं सांगितलं. त्याच खोऱ्यात २० ऑक्टोबर १९६७ रोजी रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन यांनी बिगफूटचं म्हणून गाजलेलं ते मिनिटभराचं चित्रीकरण केलं. जगात सर्वांत जास्त पाहिला गेलेला हा ठिपका. पण झाडी वाढल्यावर त्याची नेमकी जागासुद्धा वादात सापडली आणि फ्रेममधली झाडं-ओंडके ताडून ती पुन्हा शोधावी लागली. पहिल्या बातमीनंतर माणसं तिथे मुद्दाम जात होती, तेव्हा पुढच्या नोंदी त्या खोऱ्यात वाढल्या यात नकाशाला नवल वाटण्याचं कारण नाही. पुंजक्यातल्या पहिल्या नोंदीची तारीख वेगळी काढून, प्रसिद्धीच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी दोन रंगांत दाखवल्या की हे चटकन कळतं.

अस्वलाबद्दल सविस्तर लिहायला हवं. उत्तर अमेरिकेतलं काळं अस्वल नावाला काळं. पश्चिमेकडे ते तपकिरी, दालचिनी रंगाचं, अगदी फिकटही असतं. वास घ्यायला, दूरचं पाहायला ते मागच्या पायांवर उभं राहतं, तेव्हा पाच-सहा फूट, मोठा नर त्याहून जास्त. खरुज लागून केस झडलेलं अस्वल तर ओळखीच्या कुठल्याच आकारात बसत नाही. ठसा जवळून पाहा. मागचा पाय साधारण सहा-सात इंच लांब, टाच उमटलेली, पाच बोटं, माणसाच्या पावलाची आठवण यावी असा. फरक एक आहे आणि तो विसरू नये: अस्वलाचं सर्वांत मोठं बोट बाहेरच्या बाजूला असतं. चालताना मागचा पाय पुढच्याच्या ठशावर अर्धवट पडतो, दोन मिळून एकच लांब पाऊल तयार होतं, मधली बोटं पुसली जातात. नख्या फिकट उमटतात, मऊ चिखलात त्या बोटांच्या टोकाशीच दबून जातात. बर्फात तर दुपारच्या उन्हाने कडा वितळून ठसा रुंद होतो आणि रात्री तसाच गोठतो. म्हणून ठशाच्या नोंदीत लांबी एकट्याने काही सांगत नाही. मोठं बोट कुठल्या बाजूला, दोन पावलांतलं अंतर किती, ओळ एकेरी की डाव्या-उजव्यांत रुंद फट, जमीन कसली आणि ठसा किती तासांचा, हे सगळं हवं.

२००९ साली लोझियर, अॅनिएलो आणि हिकरसन यांनी जर्नल ऑफ बायोजिओग्राफीमध्ये एक छोटा लेख लिहिला. तो या विषयात मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांनी वॉशिंग्टन, ओरेगन आणि कॅलिफोर्नियातल्या सास्क्वॉचच्या नोंदी घेतल्या आणि प्राणी कुठे राहू शकतो याचा अंदाज बांधायला खऱ्या प्राण्यांसाठी वापरतात तीच मॅक्सएंट पद्धत तापमान-पावसाच्या थरांवर चालवली. नकाशा सुंदर आला. किनारी डोंगर, कॅस्केड, सिएरा नेव्हाडा, सगळं कसं जागच्या जागी. हवामान बदलल्यावर हा प्राणी कुठे सरकेल याचंही भाकीत निघालं. मग त्यांनी काळ्या अस्वलाचा तसाच नकाशा काढला आणि दोन्ही इतके जुळले की वेगळे ठरवता येईनात. त्यांचा रोख होता आपल्याच क्षेत्राकडे: ओळख पटलेली नसेल तर नोंदी कितीही असोत, मॉडेल निमूटपणे देखणा नकाशा काढून देतं. मॉडेलच्या अचूकतेचा एयूसी आकडा ०.९च्या वर गेला म्हणून हरखून जाणाऱ्या प्रत्येकाने हा लेख वाचावा.

२०२४ मध्ये फ्लो फॉक्सन यांनी जर्नल ऑफ झूऑलॉजीमध्ये अमेरिका आणि कॅनडाचा हिशेब राज्यवार-प्रांतवार मांडला. माणसांची संख्या आणि जंगलाचं क्षेत्र जमेस धरूनही दर हजार अस्वलांमागे नोंदी सरासरी ४ टक्क्यांनी वाढतात, असं त्यात दिसलं. जिथे अस्वलांची नांदती वस्ती नाही अशा राज्यांतही नोंदी आहेत, तेव्हा सगळंच अस्वलावर ढकलता येणार नाही, हेही त्याच कामातून कळतं. हिमालयातल्या यतीच्या बाबतीत २०१७ मध्ये शार्लट लिंडक्विस्ट यांच्या गटाने हाडं, केस, कातडी अशा नऊ नमुन्यांचा डीएनए तपासला. आठ अस्वलांचे निघाले आणि एक कुत्र्याचा.

आवाजाच्या नोंदी मात्र दर्शनाच्या नोंदींत कधीही मिसळू नयेत. पश्चिमेकडे पसरत गेलेलं बार्ड घुबड, कोल्हे, कायोटी, रात्रीच्या दरीत त्यांचे आवाज ओळखू येत नाहीत, आणि त्यांचा विस्तार अस्वलापेक्षा वेगळा आहे. तारखांचंही तसंच. 'साधारण १९७५', 'साधारण १९८०' अशी शून्य आणि पाचने संपणारी वर्षं जास्त साचली आहेत का ते पाहावं. साचली असतील तर वर्षवार आलेख सोडून दशकवार काढावा. इंटरनेटवर अर्ज आल्यानंतर नोंदी वाढतात त्या कळवल्याच्या तारखेवर, आणि घटनेच्या तारखा मागे पन्नास वर्षांपर्यंत पसरलेल्या असतात.

एक गोष्ट नकाशावर आणूच नये असं माझं ठाम मत आहे. ब्रिटिश कोलंबियातल्या स्टेलिस या मूळनिवासी लोकांच्या परंपरेत सास्क्वॉचला मानाचं स्थान आहे. त्यांच्या कथांतली ठिकाणं उचलून 'इतक्या तारखेपूर्वीची दर्शनं' म्हणून ठिपके टाकणं हा त्यांच्यावर अन्याय आहे आणि आपल्या तक्त्यातही खोट. त्या कथा त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच चौकटीत राहू द्याव्यात.

एवढ्या चाळण्या लावल्यावर उरलेल्या मूठभर नोंदी कशाला पुरणार, असं वाटेल. त्याचं उत्तर आपल्या खानदेशात आहे. रानपिंगळा हे लहान घुबड १८८४ नंतर कुणाला पक्कं सापडलं नव्हतं. मधल्या काळातला एक नमुना होता, रिचर्ड माइनर्ट्झहागन यांच्या नावावरचा, १९१४ साली गुजरातेत मिळाल्याच्या चिठ्ठीचा, आणि त्या चिठ्ठीने शोध भरकटवला. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तपासून दाखवलं की तो नमुना जुन्या संग्रहातून उचलून नवी चिठ्ठी लावलेला होता. खोटा बिंदू खोडला, एकोणिसाव्या शतकातल्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं उरली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि सहकाऱ्यांना आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. मोजकेच नमुने उरले होते त्याचे, पण जागा खऱ्या होत्या.

उलट बाजूही पाहा. २००८ साली केव्हिन मॅककेल्व्ही आणि सहकाऱ्यांनी बायोसायन्समध्ये दाखवून दिलं की पॅसिफिक किनाऱ्यावर फिशर हा मुंगसासारखा दिसणारा प्राणी ऐकीव नोंदींच्या नकाशावर सगळीकडे होता, आणि पुराव्याच्या नोंदी तेवढ्या ठेवल्या तर त्याचा प्रदेश आक्रसून गेलेला दिसत होता. ऐकीव नकाशावर विसंबल्याने त्याला वाचवण्याची निकड उशिरा कळली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात ताहो राष्ट्रीय वनात एका स्वयंचलित कॅमेऱ्यात व्हॉल्वरीन हा फिशरच्याच कुळातला मोठा प्राणी टिपला गेला. कित्येक दशकं तिथे त्याच्या दर्शनाच्या कहाण्या होत्या, पुरावा नव्हता. फोटोनंतर केस आणि विष्ठा गोळा झाली, डीएनएवरून नर असल्याचं आणि त्याचं नातं रॉकी पर्वताकडच्या व्हॉल्वरीनांशी असल्याचं कळलं.

म्हणून रस्ते, माणसं, अस्वलं सगळं वजा केल्यावरही ज्या चौकोनात नोंदी अपेक्षेपेक्षा जास्त उरतात, तेवढेच चौकोन घेऊन जंगलात जावं. सहसा ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. तिथे कॅमेरे जनावरांच्या वाटेवर, छातीच्या उंचीपेक्षा थोडे खाली, उत्तरेकडे तोंड करून लावावेत म्हणजे सूर्य भिंगात येत नाही. पुढचं गवत आधी कापावं, नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या पात्यांचेच हजारो फोटो भरतात. ठसा दिसला तर त्याशेजारी मोजपट्टी आडवी आणि उभी ठेवून बरोबर वरून फोटो घ्यावा, मग तिरक्या उजेडात आणखी एक, आणि साचा घेण्याआधी पुढची-मागची पावलं मोजावीत. केस सापडला तर चिमट्याने उचलावा, मुळासकट, हात न लावता. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, ओल धरून डीएनए खराब होतो. साधं कागदी पाकीट घ्यावं, हवं तर त्यात सिलिका जेलची पुडी. १९७६ साली पाठवलेले 'बिगफूटचे' केस हरणाच्या कुळातले असल्याचं एफबीआय या अमेरिकेच्या तपास यंत्रणेने १९७७ मध्ये कळवलं, ते कागद २०१९ साली खुले झाले. केस हाती होते म्हणूनच ते उत्तर मिळू शकलं. पाकिटावर शाईने नव्हे, पेन्सिलने तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश आणि जीपीएसने दाखवलेली चूक मीटरमध्ये लिहावी. ती शेवटची संख्या लिहायला जागा उरत नसेल तर पाकीट मोठं घ्यावं.